शुगर कमी झाली तर चांगलंच की

मी सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या बाजूला, एका ट्रस्टच्या दवाखान्यात फार्मसी सांभाळते. गुरुवारी आमच्याकडे शुगरची ओपीडी असते, त्या दिवशी खिडकीपुढची रांग पार जिन्यापर्यंत जाते. इन्सुलिन नव्याने सुरू झालेल्या पेशंटना घरी न्यायला काहीतरी कागद हवा असं किती दिवस डोक्यात होतं, शेवटी मागच्या वर्षी बसून एक चार पानी माहितीपत्रक केलं. मराठीत, चित्रांसह, रंगीत. डॉक्टरांनी तपासलं, सिस्टरनी वाचलं, ऑफिसातल्या सगळ्यांनी छान झालंय म्हणून सांगितलं. छपाईला देणार तेवढ्यात मनात आलं की ज्यांच्यासाठी केलंय त्यांच्यापैकी एकानेही अजून हे बघितलेलं नाही, तर निदान दोन-चार जणांना दाखवून बघू.

पहिल्या भेटल्या त्या एक साठीच्या मावशी. सातवी शिकलेल्या, चष्मा लावून व्यवस्थित वाचणाऱ्या. तिसऱ्या पानावर मी मोठ्या अक्षरात मथळा दिला होता, 'रक्तातील साखर कमी झाल्यास', आणि त्याखाली घाम येणे, हातपाय थरथरणे, धडधड, खूप भूक लागणे, डोळ्यापुढे अंधारी अशी यादी. त्यांनी ते सगळं सावकाश वाचलं. मी विचारलं, मावशी, यात काय सांगितलंय असं वाटतं तुम्हाला?

"शुगर कमी झाली तर चांगलंच की," त्या म्हणाल्या. "डॉक्टर दर खेपेला त्येच सांगत्यात, कमी करा, कमी करा." मग यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हंजी घाम सुटला, भूक लागली की समजायचं औषध लागू पडायला लागलं. असंच न्हवं?"

मी तिथे बाकावरच बसून राहिले. कारण त्यांचं म्हणणं अगदी तर्काला धरून होतं. वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना शिकवलंय की कमी म्हणजे चांगलं आणि जास्त म्हणजे वाईट, रिपोर्ट हातात घेऊन आम्हीच म्हणतो 'अरे वा, कमी झाली की', आणि तोच शब्द मी जीवावरच्या धोक्याच्या मथळ्यात वापरला होता. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर ७० च्या खाली गेली की लगेच गोड द्यावं लागतं, नाही दिलं आणि ती आणखी उतरत गेली तर माणूस बेशुद्ध पडतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आणि ही बाई माझा कागद नीट वाचून, समजून घेऊन, त्या घामाला चांगली खूण मानून शांत बसली असती. कागद नसता तर निदान कुणाला तरी विचारलं तरी असतं.

त्या दिवशी छपाई थांबवली. पुढचे जवळजवळ तीन महिने दर गुरुवारी दोघा-तिघांबरोबर बसून मी तो कागद तपासून घेतला, बदलला, परत तपासला. त्यात जे कळलं ते लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट, कारण दवाखान्यांत, आरोग्य केंद्रांत, संस्थांमध्ये असे कागद करणारे खूप जण आहेत आणि ते सगळे मनापासून करतात, पण छपाईच्या आधी पेशंटसमोर ठेवून बघणारे फार थोडे.

ही काही मला सुचलेली नवीन गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड स्लेस या माहिती सोपी कशी मांडावी याच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात औषधांची माहितीपत्रकं लोकांबरोबर बसून तपासायची पद्धत घडवली. युरोपात २००४ च्या कायदाबदलानंतर औषधाच्या खोक्यातलं पत्रक ते वापरणाऱ्या लोकांशी सल्लामसलत करूनच करावं लागतं, आणि त्यासाठी रूढ झालेली पद्धत अगदी साधी आहे: आधी दोघा-तिघांवर प्रश्न घासूनपुसून घ्यायचे, मग १० जणांची एक फेरी, चुका दुरुस्त करायच्या, परत नव्या १० जणांची दुसरी फेरी. १०० पैकी ९० जणांना हवी ती माहिती कागदात सापडली पाहिजे आणि ज्यांना सापडली त्यातल्या १०० पैकी ९० जणांना ती कळली पाहिजे. सापडणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. माहिती कागदावर असते, पण माणूस तिथपर्यंत पोचतच नाही, आणि पोचला तरी तिचा अर्थ वेगळाच लावतो, या दोन्हींचे उपाय वेगळे असतात.

आपल्याकडे औषधाच्या खोक्यात जी घडी घातलेली बारीक अक्षराची इंग्रजी चिठ्ठी असते ती मुळात पेशंटसाठी नसतेच, बहुतेक वेळा वरतीच छापलेलं असतं की ही फक्त नोंदणीकृत डॉक्टर, हॉस्पिटल किंवा लॅबोरेटरीच्या वापरासाठी आहे. म्हणजे पेशंटच्या हातात मराठीत जे काही पडतं ते असं कुठेतरी दवाखान्यात, संस्थेत कुणीतरी वेळ काढून केलेलं. तेच तपासलेलं नसेल तर मग काहीच तपासलेलं नसतं. देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे असा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोठ्या पाहणीचा २०२३ चा अंदाज आहे, त्यात इन्सुलिनवाले किती आणि त्यातले मराठी वाचून घरी एकटे सुई टोचणारे किती हे डोळ्यासमोर आणून बघा.

आता प्रत्यक्ष बसल्यावर काय होतं ते सांगते. पहिली अडचण म्हणजे 'समजलं का' हा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याकडे एकच, 'हो'. समोर पांढरा कोट घातलेली बाई आहे, तिने मेहनतीने कागद केलाय, तिला नाही कसं म्हणायचं? त्यात समजलं नाही म्हणणं म्हणजे आपण अडाणी असं कबूल करणं. म्हणून मी सुरुवातीलाच सांगायला लागले की मावशी, काका, परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे, हा मी लिहिलाय आणि यात कुठे घोळ आहे ते मला एकटीला दिसत नाही, तुम्ही शोधून द्या. हे एकदा पटलं की माणसं मोकळी होतात, एक आजोबा तर पेन मागून घेऊन खुणाच करायला लागले.

दुसरं, प्रश्न प्रसंगात घालून विचारायचा. 'साखर उतरल्याची लक्षणं सांगा' असं विचारलं की माणूस यादी वाचून दाखवतो, शाळेत धडा वाचल्यासारखी, आणि आपल्याला वाटतं कळलं. त्याऐवजी मी असं विचारायचे: समजा तुम्ही रानात खुरपायला गेलाय, सकाळी इन्सुलिन घेतलंय, बारा वाजून गेले तरी भाकरी खाल्लेली नाही, आणि एकदम दरदरून घाम सुटला, हातपाय लटलटायला लागले. काय कराल? उत्तर यायचं, "सावलीला बसंन, पाणी पिईन." बरोबरच आहे की, उन्हात घाम येणारच, त्यात कागदाची आठवण कशाला येईल! मग म्हणायचं, आता कागदात बघा याबद्दल कुठे काही दिलंय का. आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपल्याला माहीत असतं की तिसऱ्या पानावर आहे, त्यांचं बोट दुसऱ्या पानावर फिरत असतं, आणि जीभ नुसती शिवशिवत असते सांगायला. पण तुम्ही सांगितलंत की तपासणी संपली, घरी रात्री अकरा वाजता पान दाखवायला तुम्ही तिथे नसणार.

अमेरिकेत २००६ मध्ये तीन दवाखान्यांतल्या ३९५ पेशंटबरोबर केलेला एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. गोळ्यांच्या बाटलीवर लिहिलं होतं 'दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा, तोंडावाटे'. ज्यांचं वाचन कच्चं होतं अशांपैकी १०० तले ७१ जण ते बरोबर म्हणून दाखवत होते, पण दिवसाला एकूण किती गोळ्या घ्यायच्या ते काढून दाखवा म्हटल्यावर १०० तल्या ३५ जणांनाच जमलं. वाचता येणं आणि करता येणं यातलं अंतर एवढं मोठं आहे, आणि आपण बहुतेक वेळा वाचण्यापाशीच थांबतो.

परत रानातल्या त्या प्रश्नाकडे येते, कारण त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. कागदात सापडल्यावर बहुतेक जण वाचायचे, 'लगेच ३ चमचे साखर खा किंवा पाण्यात घालून प्या', आणि थांबायचे. एका काकांनी पान उलटून पहिलं पान दाखवलं, "हितं तर तुमी लिवलंय साखर, गूळ पूर्ण बंद." खरंच लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, आहाराच्या चौकटीत, ठळक. त्यांना वाटलं तिसऱ्या पानावर छापताना चूक झाली असेल. घरातल्या माणसांनी तर साखरेचा डबा त्यांच्यापासून लपवूनच ठेवलेला असतो. दोन वाक्यं आपापल्या जागी बरोबर होती, पण एकाच कागदावर एकमेकांसमोर उभी होती आणि लिहिताना मला ती कधी एकत्र दिसलीच नाहीत. आता तिथे असं लिहिलंय: 'एरवी गोड बंद आहे, पण या वेळी गोड हेच औषध आहे. पदराला, खिशात साखरेची पुडी कायम ठेवा.' आणि मथळ्यातून 'कमी' हा शब्द काढून टाकला. 'अचानक घाम, थरथर, भोवळ? थांबू नका, लगेच साखर खा.' त्याखाली, १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत तेवढीच साखर खा, आणि बरं वाटल्यावर भाकरी किंवा काहीतरी पोटभर खा. आणि घरच्यांसाठी वेगळी ओळ, की माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात आणा. ही ओळ आधी पेशंटला उद्देशून लिहिली होती. बेशुद्ध माणसाला उद्देशून लिहिलेली ओळ कोण वाचणार, हे मला एका पेशंटच्या सुनेने विचारलं.

शब्दांच्या बाबतीत तर किती सांगू. रक्तशर्करा, मूत्रपिंड, सेवन करावे, हे सगळे गेले, शुगर, किडनी, घ्या, असे आले. एका डॉक्टरांना ते आवडलं नाही, शुद्ध मराठी नाही म्हणून, पण शुगर हा आता माणदेशातल्या म्हातारीचाही शब्द आहे, शर्करा कुणाचाच नाही. सगळ्यात फसवा निघाला तो 'उपास'. रक्त तपासायला येताना 'उपास करून यावे' असं आम्ही कितीतरी वर्षं चिठ्ठीवर लिहीत होतो. तपासणीच्या वेळी एका बाईंना विचारलं की मग सकाळी काय काय चालेल, त्या म्हणाल्या भगर, शेंगदाण्याचा लाडू, साबुदाणा थोडासाच. उपासाला आपल्याकडे हेच तर खातात! 'उपाशीपोटी' लिहिलं तरी चहा राहतोच, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे असं निम्म्या महाराष्ट्राचं मत आहे. आता चिठ्ठीवर आहे, 'रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाऊ नका. सकाळी चहासुद्धा नको. साधं पाणी चालेल.' लांब झालं, पण आता खाऊन येणारे फार कमी झालेत.

चित्रांचं मला वाटलं होतं की चित्रं म्हणजे सगळ्यांना कळणारच. पोटाचं एक चित्र होतं, सुई कुठे टोचायची ते दाखवायला त्यावर फुल्या केल्या होत्या. आणि पुढच्या पानावर फ्रीजरच्या चित्रावर फुली, म्हणजे इथे ठेवू नका. एका बाईंनी पोटाचं चित्र बघून सांगितलं, हितं हितं टोचायचं न्हाई. आता पोटावर ठिपके आहेत.

सिरिंजचं तर आणखीन नाजूक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं, असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची, आणि १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो, ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर अडीच पट कमी जातं आणि उलट झालं तर अडीच पट जास्त. कागदावर मी दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी रंगीत छापल्या होत्या आणि लिहिलं होतं 'लाल टोपण बघून घ्या'. कॉम्प्युटरवर सुंदर दिसत होतं. पण आमच्याकडे रंगीत प्रती संपल्या की पुढच्या सगळ्या झेरॉक्स निघतात, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही टोपणं काळी. म्हणून नंतरच्या फेऱ्या मी मुद्दाम झेरॉक्सवरच घेतल्या, घडी घातलेल्या, थोड्या पुसट, कारण पेशंटच्या हातात पडतं ते तेच. आता तिथे लिहिलंय की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का बघा. आणि आकडे दोन्ही लिपींत छापलेत, कारण सिरिंजवर इंग्रजी आकडे असतात आणि जुन्या माणसांच्या डोळ्यांना मराठीतला १ आणि इंग्रजीतला नऊ पटकन सारखेच दिसतात, हे एका आजोबांनी बोट ठेवून दाखवलं तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

फ्रीजचंही तसंच. 'फ्रीजमध्ये ठेवा' या एका वाक्यात मी किती घरं बाहेर ठेवली होती. फ्रीज नाही म्हणून एक जण किराणा दुकानदाराच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवायचे, दुकान सकाळी नऊला उघडतं म्हणून सकाळचं इन्सुलिन नऊनंतर. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, बाहेर ठेवणंही बरं नाही. आता मडक्याची रीत चित्रासकट दिली आहे, मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू ओली ठेवायची, सावलीत ठेवायचं, बाटली पिशवीत गुंडाळून आत. आणि ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांना वेगळं, की दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन परत वापरायचं नाही.

एक गोष्ट मी फार उशिरा केली आणि ती सगळ्यात आधी करायला हवी होती. अर्ध्याअधिक म्हाताऱ्या माणसांनी मला सांगितलं की कागद मी नाही वाचत, नात वाचून दाखवती. म्हणजे माझा खरा वाचक पाचवीतली पोर होती! मग दोन मुलींना आजीबरोबर बोलावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. 'हायपोग्लायसेमिया', म्हणजे शुगर फार उतरणं, या शब्दापाशी पहिली अडकली, तीनदा प्रयत्न केला, मग तो शब्द गाळून पुढे गेली. 'प्रतिबंधात्मक' गाळला. कंसात होतं ते सगळं गाळलं, कारण शाळेत मोठ्याने वाचताना कंस कसा वाचायचा ते कुणी शिकवत नाही. आजीच्या कानावर जे पडलं ते मी लिहिलेल्यापेक्षा निम्मंच होतं, आणि गाळलेल्यात बऱ्याच सूचना कामाच्या होत्या. तेव्हापासून लिहून झालं की मी आधी मोठ्याने वाचते, जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडते.

आणि हो, पहिल्या पानावर वरचा तिसरा भाग ट्रस्टच्या नावाने आणि फोटोने भरलेला होता. तो हलवायला दोन मीटिंगा लागल्या. मी तपासणीचे कागदच पुढे ठेवले, कुणाचं बोट आधी कुठे गेलं त्याच्या खुणा केलेले, मग तो शेवटच्या पानावर गेला.

असं काही करायचं असेल तर लोक विचारतात, किती जण लागतात, किती खर्च येतो. मला पहिल्या तीन माणसांत जेवढं कळलं तेवढं नंतरच्या दहात नाही कळलं. खर्च झेरॉक्सचा आणि चहाचा. वेळ मात्र जातो. पेशंटचा नंबर लागायच्या आधी बसू नका, त्यांचं सगळं लक्ष दाराकडे असतं, नंबर जाईल म्हणून. औषधं घेऊन झाल्यावर, एसटीला वेळ असेल तर विचारा. सोबत मुलगा असेल तर तोच भराभर उत्तरं देतो, त्याला प्रेमाने सांगा की तुमचं नंतर ऐकते. आणि ज्याने कागद लिहिला त्याने शक्यतो बाजूला बसावं, प्रश्न दुसऱ्याने विचारावेत. सुरुवातीला मीच विचारायचे आणि कुणी चुकलं की माझ्या चेहऱ्यावर दिसायचं, लगेच माणसं अंदाज बांधून उत्तर बदलायची. नंतर आमच्या सिस्टर विचारायला लागल्या आणि मी मागे बसून नुसतं लिहून घेतलं, तेव्हा खरी उत्तरं मिळाली.

दिवाळीनंतर सहावी आवृत्ती छापली. दोनच पानी झाली, चाराची. त्या पहिल्या मावशी जानेवारीत परत आल्या, पिशवीतून कागद काढला, हळदीचे डाग पडलेला, चार घड्यांचा, बहुतेक चुलीजवळच्या कोनाड्यात असणार. वरच्या कोपऱ्यात बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहिले होते, एक मुलाचा, एक गावातल्या जीपवाल्याचा. नातवाने लिहून दिलेत म्हणाल्या, रात्री काय झालं तर शोधत कुठं बसायचं.

हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पुढच्या छपाईत वरती दोन रिकाम्या चौकटी ठेवल्यात, एकीत 'घरचा नंबर', दुसरीत 'गाडीवाल्याचा नंबर', आणि या गुरुवारपासून त्याची तपासणी सुरू करतेय.